दिवेलागणीचा घास

घोडेगावात आमच्या आळीला घड्याळाची गरज नव्हती. शेजारचे शेटजी जेवण उरकून पडवीत चूळ भरू लागले, की बायका शेरडं आत घेत. दिवस मावळल्यावर शेटजी पाण्याचा थेंबही घेत नसत. जैन घरांत हा नेम असतोच, पण इतका काटेकोर माणूस मी दुसरा पाहिला नाही. माझ्या माहितीत त्यांनी तो दोघांसाठीच मोडला.

प्लेगच्या साली घराघरात उंदीर मरून पडू लागले आणि सगळं गाव माळावर झोपड्यांत राहायला गेलं. तिथे शेटजींची बायको तीन दिवसांत गेली. शेटजी रडले नाहीत. गाव परत आलं तसं त्यांनी दुकान उघडलं आणि मीठ-मिरची जोखू लागले. कुणी विचारपूस केली तर म्हणत, "बरं हाय."

त्याच साथीत मळ्याचा म्हातारा राखणदार गेला. त्याचा कुत्रा खंड्या मागे राहिला. दात पडलेले, एका डोळ्यात फूल. असलं म्हातारं कुत्रं कोण पाळणार? पण ज्यांना जन्मभर कुत्र्याची भीती, ते शेटजीच एका सकाळी त्याला दोरीने घरी घेऊन आले.

आई म्हणाली, "शेटजी, ह्याच्यानं आता राखण व्हायची न्हाई."

"राखायला काय ऱ्हायलंय, वहिनी?"

खंड्या जेवेना. शेटजी उन्हं असतानाच दूधभाकरी कालवून पुढे ठेवत. तो हुंगून मान फिरवी. चौथ्या दिवशी त्याच्या बरगड्या दिसू लागल्या. शेटजींच्या चेहऱ्यावरची रेघही हलत नव्हती, पण तराजू तसाच सोडून ते तीनदा उठून त्याला बघून आले.

आईला एकदम आठवलं. "त्याचा धनी दिवेलागणीला जेवायचा, मळ्यावर जायच्या आदी. पैला घास आपण घ्यायचा, मंग ह्याला. त्याबिगर ह्यो तोंड लावायचा न्हाई."

"मंग तुमीच घ्या त्याच्यासमोर घास."

त्या संध्याकाळी दिवा लागल्यावर आईने घेतलाही. खंड्या शेटजींकडेच बघत राहिला. शेटजी बराच वेळ उभे होते. मग पायरीवर बसले, भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. खंड्याने मान खाली घातली आणि ताटली चाटूनपुसून साफ केली.

मग रोज तेच. त्या एका घासापायी शेटजी पंधरवड्याला एक उपास जास्त करत. आळीतली माणसं हसायची, "कुत्र्यानं शेटजींना बाटवलं राव!" शेटजी म्हणत, "आसंल."

खंड्या दोन वर्षं जगला. तो गेला त्या दिवशी शेटजींनी त्याला परसात पुरलं, आंघोळ केली आणि दिवस मावळायच्या आत जेवून चूळ भरली. बायकांनी शेरडं आत घेतली.

पुढच्या साथीत माझी आई गेली. मला रडू आलं नाही. सगळं बधिर झालं होतं. दिवसकार्य उरकलं, तरी मी चूल पेटवी, वडिलांना वाढी आणि स्वतःचं ताट तसंच झाकून ठेवी. एका दिवेलागणीला शेटजी आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"पोरी, भाकरी आण."

मी आणली. त्यांनी तुकडा मोडून आपल्या तोंडात घातला आणि उरलेली भाकरी माझ्यापुढे सरकवली. मी घास घेतला, आणि तेव्हा कुठे मला रडू फुटलं. भाकरी संपेपर्यंत शेटजी तिथेच बसून होते.