जीवशास्त्राचा रकाना

ही गोष्ट मी आजवर कुणाच्याही कानावर घातलेली नाही. बायकोच्या नाही, भावाच्या नाही. औंढ्यात आमचं घर देवळामागच्या गल्लीत. वडिलांनी जन्मभर नागनाथाच्या दारात सेवा केली. त्या उंबऱ्यावर उभं राहूनसुद्धा मी हे कधी मनात म्हटलं नाही. देवाला माहीत असेलच, असं धरून चाललो — सोपं होतं ते.

आज तुम्हाला सांगतोय. का, ते विचारू नका. मलाही नीटसं ठाऊक नाही.

मी ज्युनिअर कॉलेजात पशुविज्ञान शिकवतो. अकरावी-बारावी सायन्सला ‘बायफोकल’ म्हणून दोनशे मार्कांचे विषय असतात, त्यातला हा एक — जनावरांच्या जाती, चारा, दुधाची फॅट कशी काढायची, असलं. विषय वाईट नाही. मार्कही बरे पडतात. पण आमच्याकडे वर्गखोल्या कमी, म्हणून माझा तास आणि जीवशास्त्राचा तास एकाच वेळी. माझा विषय घ्यायचा तर जीवशास्त्र सोडायचं. आणि जीवशास्त्र सुटलं की ‘नीट’ची परीक्षा सुटली. माणसांची डॉक्टरकी गेली, ढोरांचीही गेली.

हे मला माहीत होतं. आधीच सांगून टाकतो — माहीत होतं.

सात-आठ वर्षं झाली असतील. त्या जून महिन्यात माझ्या विषयाला पोरं कमी पडत होती. ठरलेला आकडा भरला नाही तर तुकडी बंद, आणि तुकडी बंद म्हणजे मास्तर ‘अतिरिक्त’. मग वरून जिथं जागा असेल तिथं पाठवतील. दूर जावं लागलं असतं, इतकंच. उपाशी मेलो नसतो. एवढ्याशा गोष्टीला माणूस किती भितो, नाही?

प्रवेशाच्या दिवसांत आम्ही सगळे मास्तर व्हरांड्यात टेबलं मांडून बसायचो, जत्रेत दुकानं मांडावीत तसे. गणिताचे सर येता-जाता मला चिडवायचे, “काय सर, आज किती गिऱ्हाईक?” मी हसायचो. शेवटच्या दिवशी मला एक पोरगं कमी होतं. एकच.

तेव्हा शीतल आली. सिद्धेश्वर धरणाच्या बाजूच्या एका तांड्यावरची, किसन राठोड यांची थोरली. दहावीला तांड्यात पहिली आलेली. वडील सोबत होते, हातात प्लास्टिकच्या पिशवीत सगळे दाखले.

“काय व्हायचंय?” मी विचारलं.

“ढोराची डॉक्टर,” ती म्हणाली.

किसनभाऊ हसले. “घरच्या ढोराची तर आत्ताच झाली, सर. गाय अडली तं डॉक्टरसंगं ही बी कोपरापोतर हात घालून बसली व्हती. आमच्या आज्या-पंज्यानं बैलाच्या पाठीवर मीठ वाहिलं, हिला बैलाच्या पोटात काय हाय ते पाहायचंय!”

पोरगी लाजली. पण फॉर्मवर तिचं बोट बरोबर ठेवलेलं होतं — जीवशास्त्राच्या रकान्यावर. “सर, हे घ्यावं लागतं ना?”

बघा, तिनं विचारलं होतं. सरळ विचारलं होतं. ‘हो’ म्हणायला किती वेळ लागतो?

मी म्हणालो, “ढोरांची डॉक्टर ना? मग पशुविज्ञान घे की. त्यात सगळी ढोरंच आहेत. तिकडं बेडकाचं आतडं पाठ करून काय करणार?”

तिनं वडिलांकडं पाहिलं. “सर म्हणतेत तं बराबरच असंल,” किसनभाऊ म्हणाले.

फॉर्म विद्यार्थ्यानं स्वतःच्या अक्षरात भरायचा, असा आमच्याकडे रिवाज. मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. पेन माझं होतं. जीवशास्त्राच्या रकान्यात तिनं आडवी रेघ मारली, पट्टी लावून मारावी इतकी सरळ.

त्याच आठवड्यात नांदेडला माझ्या मुलाचा फॉर्म भरला. त्याच्या जीवशास्त्राच्या रकान्यावर मी स्वतः दोनदा बोट ठेवून खात्री केली.

एवढ्यावर थांबलो असतो तर — पण सांगायचं ते याच्याही पुढं आहे, आणि तिथं यायला मी मघापासून टाळतोय, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

दोन वर्षं शीतल पहिल्या बाकावर बसली. फॅट काढायला तिच्यासारखा हात कुणाचा नव्हता. दर तासाला वाटायचं, आज सांगावं. अकरावीचं वर्ष होतं तोवर सांगता आलं असतं, विषय बदलता आला असता. नाही सांगितलं. आकडा पटावर असेपर्यंत मला तो पटावरच हवा होता.

बारावीला ‘नीट’चे फॉर्म निघाले. ती औंढ्यातल्या नेट कॅफेत गेली, तिथल्या माणसानं विषय विचारले आणि जीवशास्त्राशिवाय फॉर्म भरता येत नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी वडिलांना घेऊन ती थेट प्राचार्यांच्या खोलीत. मलाही बोलावलं. प्राचार्यांनी विचारलं, “जीवशास्त्र सोडायला कुणी सांगितलं हिला?”

शीतलनं माझ्याकडं पाहिलं. वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर न करणारी पोरं असतात ना, तशी नुसती पाहत राहिली. मी बोलेन, अशी वाट पाहत होती ती. आता कळतं.

मी उठलो. कपाटातून फाईल काढली. तिचा फॉर्म टेबलावर ठेवला आणि म्हणालो, “हे बघा. हिच्याच अक्षरात आहे. मी विचारलं होतं हिला दोनदा. हिनंच हट्ट धरला.”

हे ते. हेच ते वाक्य.

किसनभाऊंना अक्षर लागत नव्हतं, पण पोरीची सही ओळखू येत होती. त्या सहीवरून त्यांनी अंगठा फिरवला. मग हात जोडले, मला! “पोरीची चूक हाय, सर. तुमाला उगं तकलीफ झाली.” मग तिच्याकडं वळून, “काहून लिवलं गं असं?”

शीतल खाली पाहून म्हणाली, “व्हय. मीच लिवलं.”

प्राचार्यांनी फाईल मिटली. मी ती उचलून कपाटात जागेवर ठेवली. व्यवस्थित ठेवली, नंबराप्रमाणे.

जीवशास्त्र घेऊन पुन्हा अकरावीपासून शिकायचं, तर घरात धाकटी होती, तिचंही बघायचं होतं. वर्षभरात शीतलचं लग्न झालं, कुरुंद्याकडं. आता ती तिथल्या दूध संकलन केंद्रावर फॅट लावते. मी शिकवलेलं तेवढं तिच्या कामाला आलं. गावात गाय अडली की डॉक्टर येईपर्यंत लोक तिलाच बोलावतात, असं ऐकतो. माझा मुलगा दवाखाना टाकायच्या विचारात आहे. माझी तुकडी चालू आहे.

गेल्या जूनमध्ये ती घरी आली. सोबत धाकटी बहीण, निकिता. दहावी झालेली. आता फॉर्म मोबाईलवर भरतात. शीतलनं मोबाईल माझ्या हातात दिला.

“सर, माझ्या बारीला मीच गडबड केली. हिचं तुमच्या हातानं भरा.”

थट्टा नव्हती, टोमणा नव्हता. मी तिच्या चेहऱ्यावर बराच वेळ शोधला. काही नव्हतं. माझं वाक्य तिनं इतकी वर्षं जपून ठेवलं होतं आणि आता ते तिचं झालं होतं.

मी भरत गेलो. भौतिक, रसायन, जीवशास्त्र. ती खांद्यावरून वाकून पाहत होती. “बराबर हाय ना, सर?”

“बरोबर.”

बायकोनं चहा आणला. निकिता कपातलं फुंकत म्हणाली, “ताई, तू काहून घेतली न्हवती बायोलॉजी?”

शीतल हसली. “लहान व्हते गं. अक्कल न्हवती.”

मी तिथंच होतो. दोघींच्या मधे, हातभर अंतरावर, डोळ्यांवर चष्मा, हातात तिचा मोबाईल. बोलायला जागा होती. दोघी चहा पीत होत्या, कुणाला घाई नव्हती.

मी म्हणालो, “ओटीपी आलाय बघ. सांग.”