एक नाव, दोन ठिकाणं

आमचे गणिताचे मोमीन सर क्रमित जोड्या तपासताना फळ्यावरचे दुसरे घटक हाताने झाकायचे. आधी फक्त पहिले वाचायचे. "पहिलं नाव परत आलं का? न्हाई? मग गप बसा, फलन हाय." नाव परत आलं असेल तरच हात काढायचे; एकाच नावापुढे दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या की फलन मोडलं.

आकड्यांवर त्यांचा जीव नव्हता. आज रात्री कोण कुठे झोपणार, याच्या जोड्या मांडायचे: (सलमा, वडगाव), (राहुल, वडगाव), (गणेश, केज). "दोघं एका गावात झोपले तर चालतंय. एकटा गणेश दोन गावात झोपंल का बे?"

मी अकरावीत असताना, दिवाळीच्या तोंडावर, आईचा खांदा निखळला. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. एकट्या माणसाला मुकादम टोळीत घेत नाही. माझे वडील, आबा, म्हणाले, आईच्या जागी कविता येईल. कविता म्हणजे मी. सरांना कळलं तेव्हा त्यांनी फळ्यावर (कविता, शाळा), (कविता, उसाचा फड) लिहिलं, "मोडलं" म्हणाले आणि संध्याकाळी आमच्या घरी आले.

"पोरगी एक हाय, बापू. दोन जागी कावून ठेवायलाव तिला?" सरांनी आबांना विचारलं.

"सर, अर्धा कोयता कोन घेतंय?"

"ते मला न्हाई ठावं. हिचं नाव शाळेतच ऱ्हाऊ द्या."

आबा सरांना फार मानायचे. "बरं," म्हणाले. सर चहा पिऊन खुशीत गेले.

आबांनी शब्द पाळला. माझ्याऐवजी मंदाला नेलं. मंदा माझी धाकटी बहीण, नववीत होती. हंगाम संपवून आली ती पुन्हा शाळेत बसलीच नाही. पुढे लग्न झालं. आता ती आणि तिचा नवरा मिळून एक कोयता आहेत.

दिवाळीनंतर मला वर्गात बघून सरांनी विचारलं, "मग संगं कोन गेलं?"

"बहीण."

सर फळ्याकडे वळले. त्यानंतर हा धडा आला की शेवटी सांगायचे, "फलन हाय का, तेवढं तपासता येतंय बाबांनो. बरं हाय का, ते ह्याच्यात कळत न्हाई." मी आमच्याच शाळेच्या ज्युनियर कॉलेजात शिकवायला लागले तेव्हाही हे वाक्य शेजारच्या वर्गातून ऐकू यायचं. परीक्षेला येईल म्हणून पोरं ते वहीत उतरवून घ्यायची.

गेल्या महिन्यात सर गेले. मोबाइलवर निरोप वाचला आणि मी तासावर गेले. रडू आलं नाही. खरं सांगायचं तर काहीच आलं नाही, अजूनही नाही. मयतीला माणसं लोटली होती, मी सरांच्या घरात बायकांमध्ये नुसती बसून होते.

संध्याकाळी मंदाला फोन लावला. ती फडावरून नुकतीच कोपीवर, पाचटाच्या खोपटावर, आली होती.

"सर गेले? आगं, लई भला मानूस. तुज्यासाटी घरी आलते की." मग म्हणाली, "माजं नाव ठावं हुतं का गं त्यांना?"

"हो," मी म्हणाले.

सरांनी तिचं नाव कधीच विचारलं नव्हतं.