सावलीमागची खुर्ची

उन्हाला डोकं लढवून हरवता येतं, असं मनापासून मानणारा मला माहीत असलेला एकच माणूस म्हणजे माझे व्याही. बाकी आपण सगळे उन्हाला केव्हाच शरण गेलो आहोत. मी स्वतः अलिबागेत दोन खोल्यांना एसी लावून, आकडा सव्वीसवर ठेवून, दारं लावून बसणारा माणूस आहे आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. व्याही राहतात दिवेआगरला, नारळ-सुपारीच्या वाडीत, जिथून समुद्र दिसत नाही पण ऐकू येतो. त्यांच्या मते ऊन म्हणजे आगाऊ पाहुणा. त्याला ओसरीवर किती वेळ बसवायचं आणि कुठून वाटेला लावायचं हे ज्याला कळलं, त्याला यंत्राची गरज नाही. "एसी कोणाला लागतो? ज्याला आपलं घर माहीत न्हाय त्याला," असं ते म्हणतात, आणि म्हणताना माझ्याकडे बघत नाहीत, एवढी सोयरीक ते पाळतात.

त्यांची एक जुनी आरामखुर्ची आहे, कापडाची, मधे झोळ पडलेली. व्याही त्या खुर्चीत बसतात असं म्हणणं अर्धवट होईल. ते तिच्यासह दिवसभर घराभोवती फिरतात. घराचं तोंड पश्चिमेला. सकाळी घराची सावली पुढच्या अंगणात पडते, तेव्हा खुर्ची तुळशीजवळ. ऊन चढलं की कुंपणाकडच्या फणसाखाली. भर दुपारी पडवीत, आणि उन्हं कलली की परसात विहिरीपाशी, कारण तेव्हा घराची सावली तिथवर पोचलेली असते. सावली सरकली की ते कुरकुर न करता उठतात, खुर्ची दोन हातांनी उचलतात, चार पावलं जातात आणि पुन्हा बसतात. अर्धवट झोपेतही त्यांना हे जमतं. आमच्या विहीणबाईंनी स्वयंपाकघरातलं घड्याळ बंद पडलं तेव्हा ते दुरुस्तच केलं नाही. मला म्हणाल्या, "कशाला वो? हे फणसाखाली दिसले की मी भात टाकते. विहिरीपाशी दिसले की चहा. आणि कुठंच दिसले न्हाईत तर समजायचं, आभाळ आलंय."

खुर्चीइतकंच त्यांचं दुसरं काम म्हणजे खिडक्या. रात्रभर जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा घरात घ्यायचा, सकाळी तो थांबला की सगळ्या खिडक्या लावून गारवा आत कोंडायचा, आणि दुपारी समुद्राकडून खारा वारा सुरू झाला की पश्चिमेच्या खिडक्या एका दमात उघडायच्या. हा खारा वारा नेमका कधी येतो ते व्याहींना त्वचेवर कळतं. लेकीचं लग्न ठरवायला आम्ही नवराबायको पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तो मे महिना होता. माजघरात बसलो होतो. मी लग्नातल्या माणसांचा आकडा काढत होतो आणि माझी बायको मुलीच्या स्वभावाबद्दल हळूच चांगलं चांगलं सांगत होती. इतक्यात व्याही ताडकन उभे राहिले, "थांबा!" म्हणाले आणि आत निघून गेले. बायकोचा चेहरा उतरला. मलाही वाटलं, आकडा जास्त झाला. आतून धाडधाड आवाज आले, मग घरभर ओल्या मातीचा आणि मिठाचा असा एक मिश्र वास पसरला, माझ्या मानेवरचा घाम सुकला, आणि व्याही परत येऊन बसले. "हां, बोला आता," ते म्हणाले. "वारा आला व्हता." तेव्हा मी त्या माजघरात पंख्याशिवाय गरम चहा प्यालो होतो आणि मला घाम आला नव्हता. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण माणसाच्या बढाया वेगळ्या आणि अनुभवाला आलेली गोष्ट वेगळी. त्या दिवशी व्याहींचं घर खरोखरच गार होतं.

आमच्याकडे येतात तेव्हा मात्र त्यांचा नुसता छळ होतो, आणि त्यांच्यापेक्षा माझा जास्त. हॉलमध्ये एसी चालू असतो म्हणून ते मे महिन्यात मफलर घेऊन येतात. आत बसत नाहीत आणि बाहेरही बसत नाहीत. उंबऱ्यावर खुर्ची टाकतात, एक पाय आत, एक पाय बाहेर. म्हणजे दार उघडं. विजेचं बिल दर महिन्याला मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून बघणाऱ्या माणसाला उघड्या दारातून बाहेर जाणारी थंड हवा दिसते, हे कोणाला सांगून पटणार नाही. मी म्हणतो, "व्याही, दार लावून घेऊ या का?" ते म्हणतात, "लावा की. मी पडवीत बसतो." पाहुण्याला पडवीत बसवायचं तर बायको माझ्याकडे असं बघते की मीच उठून एसी बंद करतो. मग ते आत येतात, मफलर काढतात, पिशवीतून ताडगोळे काढतात आणि स्वतः सोलून प्रत्येकाच्या हातावर ठेवतात. "हा खा आता. हा आतून गार करतो. तुमचं यंत्र वरवरचं."

नात झाली तेव्हाही हेच. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे लेक आमच्याकडे अलिबागेत होती. प्रसूतिगृहाच्या खोलीत एसी होता. व्याहींनी दिवेआगरहून येऊन मफलर गुंडाळलेल्या अवतारात बाळ हातात घेतलं, त्याची मूठ आपल्या गालाला लावली आणि नात कोणासारखी दिसते यावर अवाक्षर न काढता म्हणाले, "हात गार लागतोय हिचा. ते बंद करा वो." तिथली परिचारिका त्यांच्याहून वरचढ निघाली. "आजोबा, ते बंद नाही होणार. तुम्हालाच बंद करते हवं तर." व्याही बाहेर व्हरांड्यात गेले आणि काचेतून बघत उभे राहिले. आम्ही निघालो तरी उभेच.

इथे मधली एक गोष्ट सांगायला हवी. लेकीचं लग्न झालं त्याच्या पुढच्याच जूनमध्ये वादळ आलं. व्याहींचं घर राहिलं, पण वाडी गेली. त्यांच्या आजोबांनी लावलेले उंच माड एकावर एक आडवे पडले, त्यांच्या आधाराने वाढलेल्या सुपाऱ्या गेल्या, फणस मुळासकट उपटला. पडवीची कौलं उडाली आणि त्यांच्या जागी पत्रे आले. व्याहींनी नवी रोपं लावली. त्यातली काही भुंग्याने खाल्ली, ती पुन्हा लावली. त्याबद्दल ते कधी तक्रारीचा शब्द बोलले नाहीत. खिडक्या उघडायच्या-लावायच्या वेळा त्याच राहिल्या, खुर्चीचा रस्ताही तोच राहिला. फणस नसला तरी ते ऊन चढलं की फणसाच्या जागी जाऊन बसत, डोक्यावर ओला पंचा टाकून. त्यांना कोणी काही विचारत नसे. विहीणबाई भात टाकत.

आता अडचण अशी झाली की नातीला आईच्या सासरी, म्हणजे तिच्या स्वतःच्या घरी, न्यायची वेळ नेमकी मे महिन्यात आली. व्याही न्यायला आले. नवं दुपटं घेऊन आले होते, पाळण्याला दोर बदलल्याचं सांगितलं. माझी बायको सरळ बोलणारी. ती म्हणाली, "व्याही, राग मानू नका. तुमच्याकडे आता पहिल्यासारखी सावली नाही. लेकराच्या अंगावर इथेसुद्धा घामोळं उठतंय. एसी लावा आणि घेऊन जा, नाहीतर पावसानंतर न्या."

"आमच्या घरात गरम होत न्हाय," व्याही म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. लेक एकदा सासऱ्यांकडे बघे, एकदा आईकडे. जावई श्रीवर्धनला कचेरीत होता, आणि असता तरी त्याने पंख्याकडेच बघितलं असतं.

मला अशा वेळी आकड्यांचा आधार वाटतो. मी माझा भिंतीवरचा तापमापक काढला आणि व्याहींच्या पिशवीत ठेवला. म्हटलं, "माजघरात लावा. रोज दुपारी मला फोनवर आकडा सांगा. पुढच्या रविवारी मी स्वतः येऊन बघतो. पारा तिशीच्या जरा पुढे असेल, तरी मी लेकीला आणि बाळाला घेऊन तुमच्याकडे पोचवतो. हिची समजूत मी घालीन." व्याहींनी तापमापक मफलरमध्ये गुंडाळून घेतला आणि रिकामे परत गेले.

पहिल्या दिवशी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी मी केला तो विहीणबाईंनी उचलला आणि "ते बाहेर गेल्यात" म्हणाल्या. तिसऱ्या दिवसापासून व्याही स्वतः सांगू लागले, "एकोणतीस." चौथ्या दिवशी, "एकोणतीसला जरा कमीच." अलिबागेत पारा सदतीसला टेकला होता. मी आकडे टिपून ठेवत गेलो.

रविवारी दुपारी पोचलो. माजघरात पाय ठेवताच सदरा पाठीला चिकटला. भिंतीवर तापमापक होता आणि त्यात खरोखर एकोणतीस होतं. त्याच्याखाली भिंतीवर ओलाव्याचा एक बारीक ओघळ खुंटीपासून जमिनीपर्यंत आला होता. मी तापमापक हातात घेतला. मागे ओल्या पंच्याची घडी खोचलेली होती, छान पाणी मारून, सुई-दोऱ्याने टाके घालून बसवलेली. टाके विहीणबाईंचे असावेत, कारण त्या एकदम सरबत करायला आत गेल्या.

व्याही माझ्याकडे बघत नव्हते. ते खुर्चीत नव्हते, जमिनीवर बसले होते. मी पंच्याची घडी सोडवली, काच रुमालाने पुसली आणि तापमापक दुसऱ्या खुंटीला टांगला. मग त्यांच्या शेजारी बसलो. विहीणबाईंनी कोकमाचं सरबत आणून ठेवलं. आम्ही दोघे सरबत पीत पाऱ्याकडे बघत बसलो, मॅच बघावी तसे. तीस झाले. बत्तीस झाले. चौतिसाला तो जरा थबकला तेव्हा व्याही पुढे सरकले, जणू तिथे थांबला तर अजून काही जमण्यासारखं आहे. पारा वर गेला.

"वारा येईल आता," ते म्हणाले. थोड्या वेळाने वारा आलाही. त्यांनी उठून खिडक्या उघडल्या. पण पूर्वी तो वाडीच्या ओलाव्यातून गाळून येत असे, आता उघड्या जमिनीवरून आणि पत्र्यावरून सरळ आत आला. व्याही खिडकीपाशी पाठमोरे उभे राहिले.

"माड असते तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. वादळानंतर पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून हे ऐकलं.

मी म्हटलं, "मला ठाऊक आहे. मी या घरात गरम चहा प्यालोय."

ते वळले. "यंत्र कुठलं घ्यावं वो? लहान पोराला बाधणार न्हाय असं?"

एसी बसला तेव्हा बसवणाऱ्या माणसाची दमछाक झाली म्हणे. व्याहींनी त्याला बाहेरचं मशीन दोनदा हलवायला लावलं; एकदा गरम हवा तुळशीवर जात होती म्हणून, दुसऱ्यांदा रोपांवर जात होती म्हणून. शेवटी ती गरम हवा जिथे आली ती जागा नेमकी त्यांच्या दुपारच्या खुर्चीची. यंत्रातून ठिबकणाऱ्या पाण्याची नळी मात्र त्यांनी स्वतः वाढवून रोपांपर्यंत नेली. नात आत झोपते, आणि तिच्या खोलीतलं पाणी थेंबथेंब माडाच्या आळ्यात पडतं. व्याही अजून त्या खोलीत फार वेळ बसत नाहीत. सकाळी पाच-दहा मिनिटं मफलर गुंडाळून जातात, मूठ गालाला लावतात आणि बाहेर येतात.

परवा गेलो तेव्हा ते अंगणात काठी घेऊन मातीत रेघा ओढत होते. पुढच्या ओळीतला माड आता माझ्या डोक्यावर गेला आहे. त्याची सावली एका सुपाएवढी. पहिली रेघ त्या सावलीच्या कडेला होती.

"ही आजची," ते मला म्हणाले. "नात चालायला लागेल तेव्हा हितपर्यंत येईल." दुसरी रेघ. "शाळेत जाईल तेव्हा हितं." तिसरी बरीच लांब, तुळशीपाशी. मग ते काठी ओढत पार कुंपणापर्यंत गेले आणि तिथे एक मोठी रेघ मारली. "आणि कॉलेजला जाईल ना, तेव्हा तिला हितं खुर्ची टाकून वाचत बसता येईल. भर मे महिन्यात."

मी वयांची बेरीज करायला लागलो होतो, तेवढ्यात दारातून विहीणबाई म्हणाल्या, "आणि तेव्हा तुम्ही वो कुठं?"

व्याहींनी काठी कुंपणाला टेकवली, आरामखुर्ची दोन हातांनी उचलली आणि सावली सरकली होती तेवढी सरकवली. "मी येतोच हाय की सावलीच्या मागून," ते म्हणाले, आणि डोक्यावर ओला पंचा घेऊन त्या सुपाएवढ्या सावलीत पाय तेवढे ठेवून बसले.