चिकूवर घेतलेला आळ

डहाणूच्या चिकूला भाजल्यावर मासळीचा वास येतो, ही समजूत माझ्यामुळे पसरली. ती खोटी आहे. मी ऐंशी ओलांडली आहे, तेव्हा चिकूची माफी मागायला आणखी थांबण्यात अर्थ नाही.

माझी सून वलसाडकडची, कडक शाकाहारी घरातली. आमच्याकडे बोंबील नसला तर जेवल्यासारखं वाटत नाही. लग्न ठरताना विहीणबाईंनी एकच अट घातली होती: मुलीची भांडी वेगळी राहतील. त्या भांड्यांना मासळीचा वास आला, तर त्या दिवसापासून विहीणबाई या घरात पाणीही पिणार नाहीत. आम्ही मासळीची शेगडी मागच्या पडवीत हलवली. विहीणबाई नाताळच्या सुट्टीत यायच्या, आधी मुलीच्या पातेल्यांचा वास घ्यायच्या, मग मुलीची चौकशी करायच्या.

२०१६च्या थंडीत सुनेने आईसाठी चिकूचा केक करायचं ठरवलं, अर्थात बिनअंड्याचा. ओव्हन नव्हता. कुकरच्या तळाशी रेती पसरायची, शिट्टी काढायची आणि आत केक भाजायचा. तिने दारात कागदाची चांदणी टांगली, आईसाठी विणलेली जांभळी शाल घडी करून ठेवली आणि मला म्हणाली, "बाबा, कोरडी, बारीक रेती आणाल का?"

मी झाईच्या कोळीवाड्यात बोंबील आणायला निघालोच होतो. तिथे बांबूंवर बोंबील वाळत होते आणि खालची रेती अशी छान, की चाळायलाही नको. थंडीभर त्या रेतीवर वरून काय ठिबकतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी पिशवी भरली.

कुकर तापला आणि आमचं घर झाईच्या किनाऱ्यावर जाऊन बसलं. गल्लीतली मांजरं उंबऱ्यावर पाहुण्यांसारखी बसली. शेजारच्यांनी आज काय बेत म्हणून विचारलं. केक मात्र देखणा झाला होता, वर चिकूच्या फोडींचं फूल. विहीणबाईंनी नाक जवळ नेलं आणि मुलीकडे पाहिलं.

"मम्मी, शपथ," एवढंच ती म्हणाली. 

तिथेच रेतीचं सांगता आलं असतं. पण मग तिच्या कुकरात मासळी शिरली हे कबूल करावं लागलं असतं आणि अट मोडली असती. मी घसा साफ केला. "विहीणबाई, दोष चिकूचा आहे. झाडं समुद्राकाठची, वर्षभर खारा वारा खातात. कच्चा चिकू गप्प असतो. भाजला की बोलतो."

गाडी का उशिरा येते हे रेल्वेच्या नोकरीत जन्मभर प्रवाशांना समजावल्यामुळे माझ्या आवाजात वजन आहे. विहीणबाईंनी केक बाजूला सारला, पण पाणी प्यायल्या. सून वाचली.

चिकू वाचला नाही. काही महिन्यांनी तलासरीच्या बसमध्ये एका अनोळखी गृहस्थाने मला बजावलं, की भाजायला चिकू घ्यायचाच तर रानशेतकडचा घ्या, काठावरचा नको. मी मान डोलावली. वाडीवाल्यांकडे लोक चिकू हुंगून घेऊ लागले.

पुढच्या नाताळात विहीणबाई स्वतःच्या वाडीतले चिकू करंडीभर घेऊन डहाणू स्टेशनवर उतरल्या. चिकूच्या गावात चिकू आणणारी ही बाई पाहून हमालसुद्धा थबकला म्हणे. सुनेने पुन्हा केक लावला. कुकरची रेती फेकत नाहीत, ती डब्यात जपून पुन्हा वापरतात, हे मला कुकर तापल्यावर कळलं.

मांजरं आली. पुन्हा तोच वास. सगळे विहीणबाईंकडे पाहू लागले. आता दोषी एक तर त्यांची मुलगी, नाही तर त्यांचे चिकू. सुनेने डोळे मिटून घेतले होते.

विहीणबाईंनी तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला. एक मांजर त्यांच्या जांभळ्या शालीवर चढून तोंडाकडे बघत बसलं.

"वास? मने तो नथी आवती," मला तर येत नाही, असं त्या म्हणाल्या आणि दुसरा तुकडा उचलला. "वेवाई, चिकू आने कहेवाय." व्याही, चिकू म्हणतात तो याला, असं मला सुनावलं.

सुनेने त्या दिवशी आईला पोटभर जेवू घातलं.

दुसऱ्या दिवशी मी रेतीचा डबा अंगणात रिकामा केला. माझ्या सुनेने आजवर मासळीला हात लावलेला नाही आणि डहाणूचा चिकू निर्दोष आहे, हे मी इथे लिहून देतो. फक्त आमच्या अंगणातल्या झाडाची हमी देता येत नाही. रेती मी त्याच्याच बुंध्याशी ओतली होती. तेव्हापासून ते लगडून फळतं आहे आणि त्यातला एकही चिकू भाजून पाहण्याचा मला धीर होत नाही.