साडूचा सांबा

नाचता न येणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. पण न येणारा नाच दुसऱ्यांना शिकवण्याचं धैर्य परमेश्वराने फक्त माझ्या साडूला दिलं होतं. नव्वदच्या दशकात आम्ही दोघंही आखातात, दुबईजवळच्या अजमानला नोकरीला होतो. हा गृहस्थ प्लंबिंगच्या कंपनीत एस्टिमेटर. कंबर चाळीस इंच आणि त्याच्या कंपनीच्या लोखंडी पाइपाइतकीच लवचिक. एके दिवशी व्हिडिओच्या दुकानातून त्याने ब्राझीलच्या कार्निव्हलची कॅसेट विकत आणली आणि आमचं नशीब फुटलं.

त्या दुकानाचा नियम साधा होता: उघडं दिसलं की काप. आता ब्राझीलच्या कार्निव्हलमधून उघडं कापल्यावर उरणार काय? ढोल बडवणारे बाप्ये, नाचणाऱ्यांचे थोडे पाय, आणि दर चार पावलांनी एक हिसका. कापल्या जागी चित्र टुणकन पुढे जायचं. साडू तेवढ्यावर सांबा शिकला, हिसक्यासकट! चार पावलं नीट टाकायची आणि पाचव्याला विंचू चावल्यासारखी उडी. मी एकदा सांगून पाहिलं, "अहो, तिथे टेप कापलीय." माझी कीव करत तो म्हणाला, "हबीबी, तुम्हाला रिदमच कळत नाही. ती उडी म्हणजेच तर सांबा की जान है!"

शुक्रवारी जेवायला बोलवायचा, म्हणून जावं तर सोफे भिंतीला लावलेले. मटणाचा वास येत असताना आधी तासभर सांबा. "यल्ला, कंबर सोडा! ऑफिसात नाही तुम्ही," असं तो माझ्यावर खेकसायचा. माझं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं. पण गाढवापुढे वाचली गीता. अशी आठ वर्षं गेली.

मग तिथल्या मराठी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात त्याने सांबा बसवला आणि अल ऐनला मुलांना फुटबॉल शिकवणारा एक ब्राझिलियन प्रमुख पाहुणा म्हणून गाठला. "खराखुरा ब्राझीलवाला बघणार हो आपल्याला," हे सांगताना त्याचे डोळे भरून आले. मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. आता याची जिरणार!

पाठदुखीचं निमित्त करून मी पाहुण्याशेजारी जाऊन बसलो. स्टेजवर फेटे बांधलेले बारा गृहस्थ एकदम उडाले. पाहुण्याने गोंधळून विचारलं, "व्हाय दे जम्प?" मी चवीचवीने कॅसेटची सगळी कहाणी सांगितली. तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला आणि त्या भल्या माणसाने भाषणात तीच गोष्ट माइकवरून सांगून टाकली. हॉल हसून लोळला. सगळ्यात मोठ्याने साडू हसला. गाडीत बसल्यावर मात्र एवढंच म्हणाला, "खलास." कोणी सांगितलं असेल, हे त्याने विचारलंही नाही. मला स्वतःची फार लाज वाटली.

पुढच्या शुक्रवारी त्याच्याकडे सोफे जागच्या जागी होते. मटण वेळेवर मिळालं. "थोडा सांबा करू या का?" मी विचारलं. "नको हो, गुडघे दुखतात," तो म्हणाला.

दोन वर्षांनी नोकरी संपवून तो सांगलीला गेला. जाताना कॅसेट माझ्या हातात ठेवली. परवा घरात कोणी नसताना मी ती लावली. कापलेली जागा आली आणि माझा पाय आपोआप उडाला. कंबर तशीच ताठ राहिली असणार. पण खेकसायला साडू नव्हता.