आबांना पढवलेली उत्तरं

पडेगावच्या आमच्या शेतातून आबा एका सकाळी छावणीतल्या घरी निघाले आणि तिकडे वळायचं सोडून दौलताबादच्या वाटेला लागले. दुपारी एका ओळखीच्या गाडीवानाने त्यांना घरी आणून सोडलं. त्याच्यासमोर आबा हसले. तो गेल्यावर मात्र मला म्हणाले, "माय, चाळीस वर्सांची वाट हाय ती. मला लई भेव वाटतंय." आबांनाही कशाची भीती वाटते हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

मी त्यांची एकुलती एक. नवरा वारल्यावर माहेरी परतलेली, आई आधीच गेलेली. निजामाचं राज्य होतं, कचेरीचा सगळा कारभार उर्दूत. आबांचे एक दोस्त कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहायचे, त्यांना मी चाचा म्हणायची. आबांनी त्यांच्याकडून माझ्या नावाचा मुखत्यारनामा लिहून घेतला. आपलं डोकं चालेनासं झालं तर शेत, घर आणि आपली देखभाल, सगळं लेकीने बघावं. बाईमाणसाचं नाव बघून कारकून हसला. आबा त्याच्यावर असे डाफरले की तो मुकाट्याने शिक्का मारू लागला. मला फार बरं वाटलं.

कचेरीबाहेर चाचांनी मला बाजूला घेतलं. "बेटी, एक ध्यानात ठेव. मालकाची अक्कल शाबूत हाय तवरच ह्या कागदाला जोर. ती गेली असं कचेरीत ठरलं, का कागद खलास."

"म्हंजी ज्या दिसासाठी केला, त्याच दिशी रद्द?"

"कानून हाय."

"मग आधी का नाय सांगितलं, चाचा?"

"तुझ्या आबांना दोनदा सांगितलं व्हतं," चाचा म्हणाले.

थोड्याच दिवसांत माझ्या चुलतभावाला काकांचा भलताच पुळका आला. काकांचं डोकं फिरलंय असा अर्ज देतो, त्यांना गावी नेतो आणि शेत सांभाळतो, असं तो चार लोकांत बोलू लागला. त्याने स्वतःच्या आईला शेवटी गोठ्याशेजारी कसं ठेवलं होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आबांना मी तिथे जाऊ देणार नव्हते.

म्हणून मी त्यांना पढवायला लागले. रोज सकाळी चहा झाला की समोर बसवायची. शेताच्या पूर्वेला काय? नाला. बटईनं, अर्ध्या वाट्यानं, कुणाला दिलंय? कारभार कुणाकडं? लेकीकडं, माझ्या खुशीनं. चुकले की पुन्हा. कधी मी ओरडायचीसुद्धा, आता सांगायला लाज वाटते. दाराची कडी वाजली की आम्ही दोघंही दचकायचो. त्यांना एकट्याने ओट्यावरही बसू देत नव्हते. ज्या माणसाने आयुष्यभर सगळ्या छावणीला रामराम घातला, त्याला मी मागच्या खोलीत ठेवलं.

एक दिवस चुलतभाऊ दोन साक्षीदार घेऊन आलाच. मी आबांना मागच्या खोलीतून आणून त्यांच्यासमोर बसवलं. त्याने शेताचं विचारलं. आबांनी धडाधड सांगितलं. बटईचं विचारलं, तेही सांगितलं. मग माझ्याकडे बोट करून तो म्हणाला, "काका, ही कोण?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं.

"माझी लेक. समदा कारभार हिच्याकडं. माझ्या खुशीनं."

साक्षीदारांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पागोटी सारखी करत उठले. चुलतभाऊ चहाही न घेता गेला. दार लावून मी आबांजवळ धावत आले. मला रडू आणि हसू एकदम येत होतं. जिंकलो, असंच वाटलं.

आबा उठून उभे राहिले. त्यांनी मला हात जोडले.

"बाई, तुम्ही शिकवल्यालं समदं बराबर सांगितलं न मी? आता तरी मला घरी सोडा."

"आबा, हेच तुमचं घर हाय."

त्यांनी घाईघाईने मान हलवली. "व्हय. हेच माझं घर," ते म्हणाले, आणि उत्तर बरोबर आलं का म्हणून माझ्या तोंडाकडे बघत राहिले.