टोमॅटोंची थर्ड डिग्री

समस्त मानवजातीस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवतो, की अबुधाबीतल्या लिवाच्या वाळवंटात टोमॅटोंचा अनन्वित छळ झाला आणि तो मी, पगार घेऊन, केला.

शेताच्या मालकाला, म्हणजे आमच्या अरबाबला, पुढच्या हंगामासाठी एकच जात हवी होती. माझ्या चाचण्यांतून, उन्हाच्या झळांतही फळ धरणाऱ्या दोनच उरल्या होत्या. एक जाड सालीची, टणक, चवीला पुठ्ठा. दुसरी पातळ सालीची, गोड, झाडाला लगडणारी. ही दुसरी आमच्या फोरमनचा जीव की प्राण. तो नारायणगावचा, टोमॅटोतच वाढलेला. आता शेवटची परीक्षा वाहतुकीची होती. जी जात फुटेल, ती दुसऱ्या दिवशी मुळासकट उपटायची.

फोरमनने आपल्या क्रेटच्या तळाशी गुपचूप गवत अंथरलं. गावच्या मार्केटची सवय. मी ते ओढून काढलं. ड्रायव्हर रत्नागिरीचा होता. त्याला सांगितलं, दयामाया नको.

त्याने ठेवलीही नाही. कच्च्या रस्त्याचा एकही खड्डा सोडला नाही, उंचवट्यांवरून पिकअप अक्षरशः उडवली. माझं डोकं टपावर आपटत होतं आणि मी आनंदाने ‘अजून, अजून’ ओरडत होतो.

परत आलो तेव्हा मागच्या फळीतून लाल धार लागली होती. टणक जात जशीच्या तशी. गोड जातीचा खिमा.

“मामा, चटणी तयार आहे,” ड्रायव्हर फोरमनला म्हणाला. “भाकऱ्या थापा.”

फोरमनने त्याची कॉलर धरली. दोघे वाळूत लोळले, गुद्द्यांवर गुद्दे. सोडवायला गेलो, तर एका कोपराने माझं नाक फोडलं. कुणाचं होतं, यावर आजही एकमत नाही. ड्रायव्हर कसाबसा सुटून पळाला. फोरमनने हाताला लागला तो टोमॅटो उचलला आणि सगळी ताकद लावून भिरकावला.

तो टणक जातीचा होता. कपाळावर दगडासारखा बसला. ड्रायव्हर आडवा. टोमॅटो घरंगळत अरबाबच्या पायाशी गेला. त्याने उचलला, पुसला, चारी बाजूंनी पाहिला. साधी चीरही नव्हती.

“खलास,” म्हणजे ‘ठरलं’, असं अरबाब खूश होऊन म्हणाला आणि टोमॅटो खिशात टाकून निघून गेला.

फोरमनचा हात अजून हवेतच होता. आपण काय करून बसलो, हे त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत होतं. तेवढ्यात ड्रायव्हर कपाळावरचं टेंगूळ दाबत उठून बसला आणि कळवळून म्हणाला,

“मामा, मारायचाच होता तर तुमचा मारायचा होतात. लागला तरी नसता!”